प्रोफायलरचं आउटपुट स्क्रिप्टला नीट वाचता यावं म्हणून: कामाच्या नोंदी

रोज रात्री बिल्ड (कोडपासून प्रोग्राम तयार करणं) झाल्यावर आमच्या प्रोग्रामच्या वेगाची तपासणी चालते. आकडे तीन ठिकाणांहून येतात: आम्हीच सी भाषेत लिहिलेला एक छोटा प्रोफायलर (प्रोग्रामचा कोणता भाग किती वेळ आणि मेमरी घेतो ते मोजणारं टूल), प्रोसेसर आणि कर्नलमधल्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातल्या) घटना मोजणारं लिनक्सचं पर्फ आणि प्रोग्रामने कर्नलकडे केलेल्या मागण्या, म्हणजे सिस्टिम कॉल, नोंदवणारं एसट्रेस. तिघांचंही आउटपुट माणसाने टर्मिनलवर वाचावं अशा बेताने छापलेलं असतं. त्यातून ऑक आणि ग्रेप ही मजकुरातल्या ओळी शोधणारी, तोडणारी टूल वापरून आकडे उपसणारी एक स्क्रिप्ट हळूहळू वाढत गेली होती. ती काढून सगळ्यांचं आउटपुट एका सरळ रूपात आणायचं काम माझ्याकडे आलं. हेच करायला घेणाऱ्या दुसऱ्या कुणाचा वेळ वाचावा म्हणून या नोंदी.

३ फेब्रुवारी

कामाला निमित्त झालं एका आलेखाचं. ब्लॉक कॉम्प्रेस करणाऱ्या भागाचा वेळ एका रात्रीत निम्म्यावर आलेला दिसला. त्या भागातल्या कोडला कुणी हातही लावला नव्हता. नवं काय होतं, तर त्या फंक्शनच्या शेजारी आलेलं दुसरं फंक्शन, जवळपास त्याच नावाचं.

आमचा प्रोफायलर तक्ता छापण्याआधी टर्मिनलची रुंदी विचारतो. टर्मिनल नसेल तर ८० अक्षरं धरतो आणि लांब नावं कापून शेवटी तीन टिंबं लावतो. रात्रीच्या तपासणीत टर्मिनल नसतंच. ‘कॉम्प्रेस_ब्लॉक_स्मॉल’ आणि ‘कॉम्प्रेस_ब्लॉक_स्ट्रीम’ ही दोन्ही नावं कापली जाऊन ‘कॉम्प्रेस_ब्लॉक_स...’ अशी एकच झाली. स्क्रिप्ट नावालाच किल्ली (नोंद ओळखण्याची खूण) मानत होती, त्यामुळे दुसऱ्या ओळीने पहिलीचा आकडा पुसला. कुठेही एरर नाही, एक्झिट कोड (प्रोग्राम संपताना देतो तो निकालाचा आकडा) शून्य, म्हणजे सगळं ठीक. दिवसा आपल्या रुंद टर्मिनलवर कुणी तेच चालवलं की नावं पूर्ण दिसायची, म्हणून शोधायला अख्खा दिवस गेला.

यावरून पुढच्या कामाचा निकष ठरवला: स्क्रिप्ट मोडून पडली तर चालेल, पण तिने गुपचूप चुकीचा आकडा पुढे देता कामा नये. खालचा प्रत्येक निर्णय याच निकषावर घेतला आहे.

प्रोफायलरला ‘मशीन’ नावाचा एक फ्लॅग (चालवताना द्यायचा पर्याय) जोडला. तो दिला की नावं कापायची नाहीत, रंग नाहीत, रेघा नाहीत, शीर्षकाची सजावट नाही. रंगांबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा: आउटपुट टर्मिनलवर जातंय का हे तपासून रंग बंद करणं पुरेसं नाही. काही बिल्ड यंत्रणा प्रोग्रामला खोटं टर्मिनल देतात, मग आकड्याच्या आधी रंग सांगणारा एस्केप कोड येतो आणि अंक शोधणारा रेजेक्स (मजकूर जुळवण्याचा नमुना) रंगाच्या कोडमधले ३१ किंवा ३२ उचलतो. त्यामुळे अंदाज बांधायचा नाही. फ्लॅग दिला म्हणजे रंग बंद, मग समोर काहीही असो.

६ फेब्रुवारी

आज एककं. तक्त्यात आकडा मोठा झाला की एकक आपोआप बदलायचं. एका ओळीत ९८७ मायक्रोसेकंद, खालच्या ओळीत १.०२ मिलिसेकंद. डोळ्यांना बरं वाटतं, पण संख्या म्हणून लावलेल्या क्रमात १.०२ तळाला जातो. शिवाय १.०२ मध्ये दोनच दशांश असल्याने पुढचे ५ मायक्रोसेकंद या किंवा त्या बाजूला कुठेही असू शकतात. आमच्या काही फंक्शनांत सुधारणाच तेवढी असते.

एककाच्या चिन्हातही एक खाच निघाली. मायक्रोसाठी लिहिला जाणारा ‘म्यू’ युनिकोडमध्ये दोन ठिकाणी आहे: एक मायक्रो चिन्ह म्हणून, एक ग्रीक अक्षर म्हणून. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात. प्रोफायलर एक छापत होता आणि स्क्रिप्टमधल्या रेजेक्समध्ये दुसरा होता, त्यामुळे मायक्रोसेकंदाच्या ओळी जुळतच नव्हत्या. त्या ओळी वगळल्या जात होत्या आणि बेरजेत कमी पडत होत्या. एडिटरमध्ये कितीही निरखून पाहिलं तरी हे कळत नाही. बाइट उघडून पाहिल्यावरच कळलं.

उपाय: मशीन मोडमध्ये वेळ नेहमी नॅनोसेकंदात आणि नेहमी पूर्णांकात. एकक आकड्याला चिकटवायचं नाही, ते फील्डच्या नावातच घालायचं: ‘वेळ_नॅनो’, ‘मेमरी_बाइट’. हजारांचे स्वल्पविराम नाहीत. टक्के तर छापायचेच नाहीत. टक्के हवे असतील तर वाचणाऱ्याने काढावेत. मूळ आकडे आणि गोल केलेले टक्के दोन्ही दिले की लोक टक्के वापरतात, आणि त्यांची बेरीज १०० होत नाही म्हणून विचारायला येतात.

१० फेब्रुवारी

रूप कोणतं? आधी सीएसव्ही (स्वल्पविरामांनी वेगळे केलेले रकाने) घेतलं, कारण ऑकवर हात बसलेल्या सगळ्यांना ते जवळचं. दुपारपर्यंतच सोडावं लागलं.

सी प्लस प्लसच्या टेम्प्लेट फंक्शनांच्या नावात स्वल्पविराम असतात, मोकळ्या जागा असतात, कंस असतात. अवतरणचिन्हांत गुंडाळलं तर सीएसव्हीच्या नियमात बसतं, पण ऑकला स्वल्पविराम विभाजक म्हणून दिला की तो अवतरणं न बघता चिरतो. म्हणजे नियमाप्रमाणे बरोबर असलेली फाइल नेमक्या त्याच लोकांच्या हातात चुकीची वाचली जाणार, आणि तीही फक्त काही ओळींत. टॅब विभाजक घेतला तर बरंचसं निभतं, पण नवं फील्ड मध्ये घातलं की सगळ्यांचे रकाने सरकतात. आमच्या जुन्या स्क्रिप्टचं अर्धं दुखणं ‘चौथा रकाना’, ‘सहावा रकाना’ असल्या मोजणीचंच होतं. फील्डला नाव हवं. म्हणून जेसन, ज्यात मूल्याशेजारी फील्डचं नाव लिहिता येतं.

१२ फेब्रुवारी

पहिल्या जेसनमध्ये संपूर्ण अहवाल एकाच मोठ्या यादीत होता. दिसायला नीटनेटका, पण मोजणी चालू असताना मेमरी संपून प्रोफायलर मारला गेला आणि यादीचा शेवटचा कंस लिहायचा राहिला. पार्सरने (फाइल वाचून तिचे भाग ओळखणाऱ्या कोडने) सगळी फाइल नाकारली. मरण्याआधीच्या मोजण्या त्यात होत्या आणि नेमक्या त्याच पाहायच्या होत्या.

आता दर ओळीला एक स्वतंत्र जेसन ऑब्जेक्ट. प्रोग्राम मधेच मेला तर फार तर शेवटची ओळ अर्धवट राहते. ग्रेप, हेड, टेल (शेवटची दोन सुरुवातीच्या आणि शेवटच्या ओळी दाखवतात) सगळं पूर्वीसारखं चालतं, त्यामुळे जुन्या सवयीच्या लोकांचीही कुरकुर राहिली नाही. शेवटची ओळ ‘समाप्त’ प्रकारची असते आणि तिच्यात एकूण किती नोंदी लिहिल्या तो आकडा असतो. ती नसेल किंवा आकडा जुळला नाही, तर वाचणाऱ्या स्क्रिप्टने ती फाइल अपूर्ण म्हणून बाजूला ठेवायची.

इथेच बफरिंगही (लिहायचा मजकूर आधी साठवून मग एकदम लिहिणं) आडवं येतं. स्टँडर्ड आउटपुट टर्मिनलकडे जात असेल तर सी लायब्ररी ओळीगणिक लिहिते, पाइप (एका प्रोग्रामचं आउटपुट दुसऱ्याला देणारी नळी) किंवा फाइलकडे जात असेल तर मोठा बफर भरल्यावरच. म्हणजे हाताने चालवताना दिसलेल्या ओळी पाइपमध्ये मरणाच्या क्षणी गायब. मशीन मोडमध्ये ओळीगणिक बफर रिकामा करायचा असं सक्तीने सांगितलं. ओळी लिहिण्याचा खर्च मोजलेल्या वेळात मिसळू नये म्हणून लिहिण्याचं काम मोजणीच्या घड्याळाबाहेर, प्रत्येक टप्पा संपल्यावर.

१४ फेब्रुवारी

आलेखाच्या पानावर दोन वेगळ्या घटनांची वेळ एकच दिसत होती. फाइलमध्ये मात्र आकडे वेगळे होते.

कारण असं: १९७० पासूनची वेळ नॅनोसेकंदात लिहिली की १९ अंकी संख्या होते. जावास्क्रिप्टमधली साधी संख्या २ चा ५३ वा घात, म्हणजे ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९२, इथपर्यंतचेच सगळे पूर्णांक अचूक धरते. त्यापुढे ती जवळच्या धरता येण्याजोग्या संख्येवर जाते, आणि आजच्या तारखेच्या आकड्यांत हे टप्पे २५६ नॅनोसेकंदांचे असतात. पायथन पूर्णांक जसाच्या तसा वाचतो, म्हणून आमच्या चाचणीत काही आढळलं नव्हतं. जेसन वाचणाऱ्या जेक्यू या टूलच्या १.७ च्या आधीच्या आवृत्त्याही मोठा आकडा असाच गोल करतात.

कालावधींना हा धोका जवळजवळ नाही, कारण ती मर्यादा नॅनोसेकंदांत सुमारे १०४ दिवसांची होते. म्हणून आता फक्त पहिल्या ओळीत सुरुवातीची तारीख-वेळ मजकूर म्हणून येते आणि बाकी प्रत्येक नोंदीत ‘सुरुवातीपासून किती नॅनोसेकंद’ एवढंच. त्यासाठी मागे न जाणारं मोनोटॉनिक घड्याळ वापरलं. भिंतीवरचं घड्याळ मधेच दुरुस्त झालं की कालावधी ऋणसुद्धा येऊ शकतो.

भागाकारात शून्याला शून्याने भागलं गेलं की ‘संख्या नाही’ हे मूल्य तयार होतं. जेसनमध्ये त्याला जागा नाही, तरी पायथनची लायब्ररी मुकाट्याने ते लिहून टाकते. तिला ते नाकारायला सांगणारा पर्याय आहे, तो लावा.

१७ फेब्रुवारी

सगळ्यात जास्त वेळ खाल्लेला दिवस.

मोजला जाणारा प्रोग्रामही स्टँडर्ड आउटपुटवर लिहितो. त्याच्या ओळी आणि आमच्या ओळी एकमेकांत मिसळल्या. स्टँडर्ड एररवर जायचं म्हटलं तर तिथे त्याचे इशारे. मग पर्फच्या धर्तीवर वेगळ्या फाइल डिस्क्रिप्टरची (उघड्या फाइलचा किंवा पाइपचा क्रमांक) सोय केली: वापरणाऱ्याने ३ क्रमांक उघडून द्यायचा, अहवाल तिथे. चाललं. मात्र रात्रीची तपासणी सकाळपर्यंत संपलीच नाही.

प्रोफायलर संपला होता, मोजलेला प्रोग्रामही संपला होता, पण वाचणारी पायथन स्क्रिप्ट पाइप बंद होण्याची वाट बघत थांबलेली. मोजलेल्या प्रोग्रामने मागे एक पार्श्वभूमीची प्रोसेस सोडली होती. तिला ३ क्रमांकाचा डिस्क्रिप्टर वारशाने मिळाला होता. तिला त्याची माहितीही नव्हती, पण पाइपचं लिहिण्याचं टोक तिच्याकडे उघडं असल्याने वाचणाऱ्याला शेवट दिसेना. पार्सरमध्ये चूक शोधत बसलो आणि तिथे काहीच नव्हतं.

उपाय एका ओळीचा: प्रोफायलर सुरू होताच त्या डिस्क्रिप्टरवर ‘एक्झेक झाल्यावर बंद हो’ ही खूण लावायची; एक्झेक म्हणजे प्रोसेसमध्ये दुसरा प्रोग्राम सुरू करणं. मग मोजला जाणारा प्रोग्राम तो पाहतच नाही. वाचणाऱ्या बाजूला वेळेची मर्यादाही घातली, आणि ‘समाप्त’ ओळ आली की पाइप बंद होण्याची वाट न बघता थांबायचं ठरवलं.

त्याच बैठकीत एक्झिट कोडही पाहिले. प्रोफायलरने मोजलेल्या प्रोग्रामचाच कोड पुढे द्यावा, सिग्नलने (प्रोसेसला बाहेरून किंवा कर्नलकडून मिळणाऱ्या इशाऱ्याने) मेला असेल तर शेलच्या रीतीप्रमाणे १२८ अधिक सिग्नलचा क्रमांक. आधी आमचा प्रोफायलर अहवाल छापता आला म्हणजे यश असं समजून शून्य द्यायचा. त्यामुळे मधेच कोसळलेली फेरी ‘फारच वेगवान’ म्हणून आलेखात बसायची.

२० फेब्रुवारी

आता पर्फ स्टॅट, म्हणजे घटनांची (इव्हेंट) एकूण मोजणी छापणारी पर्फची आज्ञा. इथे टूल आपलं नाही, त्यामुळे आहे ते नीट मागून घ्यायचं.

‘एक्स’ फ्लॅगने विभाजक देता येतो आणि सजावट जाते. विभाजक म्हणून स्वल्पविराम घेऊ नका. कच्चे इव्हेंट (प्रोसेसरच्या अंतर्गत क्रमांकांनी सांगितलेले) देताना त्यांच्या नावातच ‘इव्हेंट=..., यूमास्क=...’ असा स्वल्पविराम असतो, आणि दशांशासाठी स्वल्पविराम वापरणाऱ्या लोकेलमध्ये (भाषा-देशानुसारच्या लेखनाच्या सेटिंगमध्ये) आकडाही दुभंगतो. आम्ही उभी रेघ घेतली आणि लोकेल ‘सी’ असा बांधून टाकला. ‘ओ’ फ्लॅगने फाइलमध्ये लिहायला सांगितलं की सुरुवातीला ‘अमुक वेळी सुरू’ अशी टिप्पणीची ओळ आणि रिकामी ओळ येते, त्या वगळा. फ्लॅग बदलला की रकाने सरकतात: ठरावीक अंतराने छापायला सांगितलं तर पुढे वेळ जोडली जाते, दर सीपीयूचे आकडे मागितले तर सीपीयूचा रकाना, अनेक फेऱ्या मागितल्या तर चढउताराचा. नव्या पर्फमध्ये थेट जेसन देणारा फ्लॅग आहे. आमच्या सगळ्या मशिनांवर तो असता तर निम्मा दिवस वाचला असता. तुमच्याकडे असेल तर सरळ तोच घ्या.

खरा प्रश्न मूल्याच्या रकान्यात होता. इव्हेंट मोजता आला नाही की तिथे आकड्याऐवजी ‘नॉट काउंटेड’ किंवा ‘नॉट सपोर्टेड’ असा कोनी कंसातला मजकूर येतो. व्हर्च्युअल मशीनवर हार्डवेअर काउंटर (प्रोसेसरमधले मोजणी करणारे भाग) उपलब्ध नसतील तर हे नेहमीचंच. ऑक त्या मजकुराला बेरजेत शून्य मानतो. आमच्या आलेखावर एका मशीनचे कॅशे मिस (हवा तो डेटा प्रोसेसरजवळच्या जलद मेमरीत न सापडणं) कायम शून्य होते, आणि ते मशीन उत्तम चालतंय असा सगळ्यांचा समज होता. तिथे कधी काही मोजलंच गेलं नव्हतं.

आता नोंदीत दोन फील्ड आहेत: ‘मूल्य’ आणि ‘स्थिती’. मोजलं नसेल तर मूल्य नल (रिकामं) आणि स्थितीत कारण. शून्य म्हणजे खरोखर मोजून आलेलं शून्य. आलेखात नलच्या जागी रेघ तुटते. तुटलेली रेघ पाहून लोक विचारायला येतात आणि यावंच.

तिसरी भानगड मल्टिप्लेक्सिंगची. मागितलेले इव्हेंट हार्डवेअर काउंटरपेक्षा जास्त झाले की कर्नल पाळीपाळीने मोजतो, आणि पर्फ मिळालेला आकडा पूर्ण वेळेच्या प्रमाणात वाढवून दाखवतं. काउंटर किती टक्के वेळ खरोखर चालू होता तो आकडा त्याच ओळीत असतो. जुनी स्क्रिप्ट तो टाकून द्यायची, म्हणजे मोजलेलं आणि अंदाजलेलं एकाच भावाने. तो रकाना आता नोंदीत ठेवला आहे आणि १०० पेक्षा कमी असेल तर स्थिती ‘अंदाजे’. इव्हेंट दोन फेऱ्यांत वाटून घेतल्यावर बहुतेक १०० वर आले. एक्स८६ मशिनांवर कर्नलचा एनएमआय वॉचडॉग (सीपीयू अडकून पडला का ते पाहणारा) बहुधा एक काउंटर अडवून ठेवतो. मोजणीपुरता तो बंद केला की तेवढी जागा मिळते.

२४ फेब्रुवारी

एसट्रेसचा सारांशाचा तक्ता. दोन ओळी समोर ठेवतो, रकाने असे: टक्के, सेकंद, दर कॉलला मायक्रोसेकंद, कॉल, एरर, नाव.

४१.२० ०.००२०६० १० २०६ रीड
२८.०० ०.००१४०० १४ १०० ३७ ओपनॅट

एरर नसतील तर तो रकाना शून्य न दाखवता कोरा सोडलेला असतो. मोकळ्या जागेवर ओळ तोडणाऱ्याला पहिल्या ओळीत पाच तुकडे मिळतात, दुसरीत सहा. पाचवा तुकडा ‘एरर’ म्हणून घेतला तर रीडच्या ओळीत ‘रीड’ हा शब्द मिळतो, ऑक त्याचं शून्य करतो, आणि उत्तर योगायोगाने बरोबर येतं. नावासाठी पाचवा घेतला तर ‘३७’ नावाचा सिस्टिम कॉल तयार होतो. आमच्या डेटाबेसमध्ये असे अंकांच्या नावाचे बरेच कॉल सापडले. तळाची एकूण बेरजेची ओळ तर आवृत्तीनुसार बदलते: जुन्या आवृत्त्यांत तिथे दर कॉलचा रकानाही कोरा असतो, नव्यांत भरलेला.

पहिले चार तुकडे डावीकडून आणि नाव उजवीकडून घेतलं, मध्ये काही उरलं तर तो एरर. एकूण ओळ वाचायचीच नाही, बेरीज आपण करायची. तुकडे पाच किंवा सहा सोडून काहीही निघाले तर स्क्रिप्ट तिथेच थांबते.

वेळेबद्दल एक सूचना. हा सारांश मुळात कर्नलमध्ये घालवलेला सीपीयू वेळ मोजतो. डिस्कची वाट बघत गेलेला वेळ हवा असेल तर ‘डब्ल्यू’ फ्लॅग लागतो. दोन्ही प्रकारच्या फायली आमच्याकडे एकाच नावाने साठवल्या होत्या. त्या वेगळ्या करता येईनात, म्हणून जुने आकडे टाकून दिले.

२७ फेब्रुवारी

पर्फ स्क्रिप्ट या आज्ञेने छापलेले स्टॅक, म्हणजे त्या क्षणी कोणत्या फंक्शनने कोणतं बोलावलं त्या साखळ्या; साखळीतली एकेक कडी म्हणजे फ्रेम. ओळीची सुरुवात थ्रेडच्या नावाने होते आणि त्या नावात मोकळी जागा असू शकते, त्यामुळे ‘पहिला तुकडा नाव, दुसरा पीआयडी (प्रोसेसचा क्रमांक)’ हे धरून चालत नाही. हवी ती फील्ड मागण्याचा फ्लॅग वापरून थ्रेडचं नाव गाळलं आणि आयडीवरून नंतर जोडलं.

साठवण्यासाठी प्रचलित घडीचं रूप ठेवलं: फ्रेम अर्धविरामांनी जोडलेल्या, शेवटी जागा आणि संख्या. त्याची टूल तयार मिळतात. मात्र तोडताना शेवटच्या जागेवरच तोडा, कारण सी प्लस प्लसच्या नावांत ‘ऑपरेटर न्यू’सारख्या जागा असतात. फ्रेमच्या नावात अर्धविराम असेल तर लिहिण्याआधी तो बदलावा लागतो. जावाच्या फंक्शनांच्या सह्यांमध्ये (फंक्शनच्या प्रकारांच्या वर्णनात) तो हमखास असतो. सिम्बॉल (फंक्शनचं नाव) न मिळालेल्या फ्रेम गाळायच्या नाहीत. गाळल्या की त्यांच्या खालची फ्रेम चुकीच्या पालकाला जोडली जाते.

३ मार्च

चाचण्या. नुसत्या नमुना फायलींवर पार्सर चालवणं अपुरं होतं, कारण बिघाड वातावरणातून येत होते. म्हणून प्रत्येक बदलाला आता हे सगळं चालतं: टर्मिनलची रुंदी ४० करून, दशांश स्वल्पविरामाच्या लोकेलमध्ये, आउटपुट हेडला जोडून पाइप मधेच बंद करून, मोजणीच्या मध्यावर सिग्नल ९ पाठवून, आणि मुद्दाम मागे प्रोसेस सोडणाऱ्या प्रोग्रामवर. मशीन मोडचं आउटपुट पहिल्या दोन बाबतींत बाइटसाठी बाइट तेच यावं म्हणून मोजणीऐवजी ठरावीक बनावट आकडे देणारा एक आतला पर्याय प्रोफायलरमध्ये घातला. लोकेलची चाचणी लगेच अडकली: मेमरीची सरासरी छापणारी एक ओळ अजून दशांशात होती. तीही पूर्णांकात नेली.

६ मार्च

माणसांचा तक्ता काढून टाकावा का, यावर चर्चा झाली. ठेवला, पण आता तो स्वतः काही मोजत नाही की गोल करत नाही. मशीन मोडच्याच नोंदी वाचून छापतो. त्यामुळे तक्त्याला कितीही रंग लावा, कुणाची स्क्रिप्ट मोडत नाही. कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिटमध्ये ‘पोर्सेलिन’ फ्लॅगने स्थिती मागितली की स्क्रिप्टसाठी स्थिर रूप मिळतं आणि साधं आउटपुट सुधारायची मोकळीक राहते, तीच विभागणी इथे.

पहिल्या ओळीत आता रूपाची आवृत्ती असते. नियम असा: फील्ड वाढवलं तर आवृत्ती तीच, आणि वाचणाऱ्याने अनोळखी फील्डकडे दुर्लक्ष करायचं. अर्थ किंवा एकक बदललं तर आवृत्ती वाढते, आणि अनोळखी आवृत्ती दिसताच वाचणाऱ्याने थांबायचं.

जुनी ऑक स्क्रिप्ट आज काढली. तिच्या काळातले आकडे आलेखात फिकट रंगात ठेवले आहेत आणि त्यांच्याशी तुलना बंद केली आहे. एक काम बाकी आहे: एकाच नावाची स्टॅटिक (आपल्याच फाइलपुरती असलेली) फंक्शनं दोन फायलींत असली तर नावाची किल्ली पुन्हा धडकते. किल्लीत लायब्ररीचं नाव आणि सोर्स फाइल घालायची आहे. त्याने किल्लीचा अर्थ बदलतो, म्हणून आवृत्ती २.